हाय तर हाय

पोशीरहून दिल्लीला निघाले तेव्हा दारात काकांचा टेंपो उभा होता. खासदार झालेली पोर भाताच्या टेंपोतून नेरळ स्टेशनला चालली, याचंच गावाला कौतुक. बाबा आवणी, म्हणजे भाताची लावणी, सोडून आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आईनं भाकऱ्यांचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"तिकडं तोंड मिटून नको बसू गं. हाय तर हाय म्हनायचं, नाय तर नाय. एवडंच तर काम हाय तुजं."

मी हसले. वाटलं, आईला संसदेतलं काय कळतंय!

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "पुस्तक आणलंय?" मी म्हटलं, "हाय." सर म्हणाले, "हाय? मग बाय पण म्हण!" वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून मी 'आहे' म्हणायला लागले. प्रचारातसुद्धा माइकवर 'आहे'च. बाबा म्हणायचे, "पोर बोलतेय का रेडिओ?"

दिल्लीत फ्लॅट मिळाला, गळ्यात पास आला. पहिल्या भाषणाला तीन मिनिटं मिळणार होती. पोशीर-कळंबच्या पोरी बारावीनंतर घरी बसतात. त्यांच्यासाठी वसतिगृह मागायचं होतं. सहायकानं झकास हिंदीत लिहून दिलं. मी पाठ करत होते, पण त्यातली एकही पोर मला दिसेना.

त्याआधी एका प्रस्तावावर आवाजी मतदान झालं. बाजूनं असतील त्यांनी 'आय' म्हणायचं. माझ्या तोंडून निघालं, "हाय!" बांधावरून हाक मारावी तसं, खणखणीत. कान तापले. शेजारची ओडिशाची खासदार, माझ्याच वयाची, कुजबुजली, "दीदी, आपका 'आय' बड़ा देसी है." बाकी कुणी मानसुद्धा वळवली नाही. प्रस्ताव मंजूर झाला, माझ्या 'हाय'सकट.

संध्याकाळी हिंदी कागद खणात टाकला आणि मराठीत बोलणार असल्याची सूचना दिली, म्हणजे दुभाष्याची सोय होते. सहायक कळवळला, "मॅडम, हिंदीत बोललात तर बातमी होईल." म्हटलं, होऊ दे नाहीतर राहू दे. ज्यांनी पाठवलंय त्यांना कळलं पाहिजे.

"माझ्या गावच्या पोरी हुशार हायत," मी सभागृहात म्हणाले, "शिकायला जायचं तर राहायला जागा नाय." पुढचं सुचत गेलं.

टीव्हीवर भाषण बघून आईचा फोन आला. "आज रेडिओ नवता गं. तूच हुतीस."

गाव सोडून गेलेल्या तुमच्यापैकी कुणी पुण्यात असाल, कुणी दुबईत. तिथली भाषा बोला, फाडफाड बोला, मीही बोलते. पण मधूनमधून गावी जाऊन या. वसतिगृहाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर अधिवेशनात विचारते. पोशीरला गेले की बाबा चिखलातूनच ओरडतात, "हाय का गं काय?"

दिल्लीत या प्रश्नाला मी पानभर उत्तर देऊ शकते. बांधावर तसलं चालत नाही. घर म्हणजे मला आता तेवढंच उरलंय, एका शब्दात खरं सांगायची जागा.

"अजून नाय, बाबा."

"मग परत इचार," म्हणतात, आणि आवणीला वाकतात.