बंद तोंडाचा भोंगा

बसस्थानकावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचा चेहरा माहीत होता. आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता. फलाट क्रमांक पाचवर कुठली गाडी लागलीय, कुठली उशिरा येणार आहे, कुणाचं पोर हरवलंय आणि कुणाची छत्री सापडलीय, हे सगळं स्थानकाला तीच सांगायची. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली होती. खोली कसली, खोकंच. त्यात एक खुर्ची, एक माइक, एक पंखा आणि ती. बरोबरची माणसं तिला 'भोंगा' म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कारण शाळेतलं नाव याहून वाईट होतं.

शाळेत ती 'खण' होती. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, त्यामुळे टेबलाचा खण ढकलून बंद करायला कुणीतरी विसरलंय असा चेहरा. "ए, खण बंद कर की गं!" असं कुणी म्हटलं की वर्ग खिदळायचा. पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. सफरचंद खायचं तर फोड दाढेशी नेऊन तोडायची, तीही तोंडावर हात धरून. म्हणून काचेची ती खोली तिला मानवली होती. आवाज पुढे, चेहरा मागे.

मग कानापाशी ठणका सुरू झाला. घास चावताना कट्कन आवाज यायचा आणि डोकं धरायचं. दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. दातांवर तारा बसल्या आणि बऱ्याच काळाने शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. दोन्ही जबडे कापून नव्या जागी बसवायचे, बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडायचे, आणि वरच्या-खालच्या तारांना रबरं अडकवून तोंड बांधून ठेवायचं. सुट्टीचा अर्ज द्यायला ती गेली तेव्हा साहेब छान बोलले. "या, अगदी ठणठणीत होऊन या. फक्त परत आलात की एकदा माइकवर बसवून ऐकू. लोकांना समजायला हवं ना?"

ते सहज म्हणाले. तिच्या मात्र ते मनात रुतून बसलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही आधीच सांगून ठेवलं होतं, की तोंडाचा आकार बदलला की बोलणं काही दिवस वेगळं वाटतं. खालच्या ओठाची जाणीव हळूहळू परत येते, काहींची पूर्ण येतही नाही. फलाट म्हणायला ओठ लागतो, पाच म्हणायलाही ओठच लागतो. दिवसातून शेकडो वेळा.

शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर पहिल्यांदा आरशात पाहिलं तर समोर एक अनोळखी बाई होती. गाल कुठे संपले आणि गळा कुठे सुरू झाला काही कळत नव्हतं. हनुवटीला बोट लावलं तर बोटाला हनुवटी कळायची, हनुवटीला बोट कळायचं नाही. नाक चोंदलेलं, तोंड बांधलेलं. श्वास घ्यायचा तरी कुठून? आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून खुर्चीत, पाठीला तीन उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची. ओठांच्या कडेने लाळ ओघळून मानेवर आली की मगच समजायचं.

आई त्याच खोलीत शाळेचे गणवेश शिवायची. घरात दोघीच. मशीन खिडकीशी आणि लेकीची खुर्ची मशीनशी, म्हणजे मान वळवली की आईला लेक दिसलीच पाहिजे. आईने सगळा कारभार हातात घेतला होता. सूप शिजवायची, मिक्सरमधून काढायची, मग मलमलच्या फडक्यातून गाळायची, मग ते फडकं उजेडाकडे धरून एखादा कण राहिलाय का ते बघायची. पातळ झालेलं ते पाणी मोठ्या पिचकारीत भरून गालाच्या फटीतून आत सोडायचं. वाटीभर संपायला एवढा वेळ लागायचा की पहिला घोट जिरून पुन्हा भूक लागायची.

"अजून एक पिचकारी. बघ, गणवेश ढगळ झालाय तुझा." आईला सगळे कपडे गणवेशच वाटायचे.

बोलता येत नव्हतं. फोनवर लिहून दाखवावं तर आई म्हणायची, "थांब, सुई ओवायचा चष्मा काढते, वाचायचा घालते," आणि तोवर सांगायचं ते शिळं व्हायचं. म्हणून आईनेच तोड काढली. शिवताना बोटात घालायचं आपलं पितळेचं अंगुस्तान तिने लेकीच्या बोटात घातलं. खुर्चीच्या हातावर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ज्या बाईच्या आवाजावर चाळीस गाड्या हलायच्या, तिच्याकडे आता बोलायला बोटावरची एक टोपी उरली होती.

आणि कात्री. ती तर या सगळ्यावर कडी होती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "छोटी कात्री कायम हाताशी ठेवा. उलटी झाली आणि तोंड उघडलं नाही तर धोका असतो. तेवढ्यापुरती रबरं कापायची, आणि लगेच इकडे यायचं. एरवी हात लावायचा नाही. या दिवसांत जबडा पुन्हा जुन्या जागी सरकायला बघतो."

आईच्या घरात कात्रीचे नियम कडक होते. कापडाच्या कात्रीने कुणी कागद कापला तर आई दोन दिवस बोलायची नाही. पण त्या दिवशी तिने आपली सगळ्यात लाडकी, दोरे कापायची चिमुकली कात्री काढली, निळ्या फितीत ओवली आणि लेकीच्या गळ्यात घातली. लेकीने दोन ठोके दिले. आईने ऐकून घेतले आणि फितीला गाठ मारली. मग दुसरी तशीच कात्री स्वतःच्या गळ्यात घातली.

त्या दिवसापासून लेकीला साधं खोकायचीही चोरी झाली. घशात खरखर झाली की मशीन थांबायचं. शिंक आली की आई उभी. न्हाणीघराची कडी लावायची नाही, कारण आत काही झालं तर? खिडकीत उभं राहायचं नाही, कारण वाऱ्याने शिंक आली तर? काचेच्या खोलीतही ती दिवसभर कोंडलेलीच असायची, पण तिथून तिचा आवाज बाहेर जायचा. इथे आवाज आत आणि आईची नजर बाहेर, अशी दुहेरी कडी होती. दुपारी मशीनची लय लागली की ती दातांच्या आड जीभ हलवून बघायची. 'फलाट क्रमांक पाच.' ओठ हलायचे की नाही तेही कळत नव्हतं. नाकातून नुसतं मधमाशीसारखं काहीतरी घुमायचं. लगेच मशीन थांबायचं.

"काय झालं? मळमळतंय?"

दोन ठोके.

"नक्की?"

एक ठोका, जरा जोरातच.

"रागावू नकोस गं. तुझ्या घशात काय चाललंय ते मला दिसतं का?"

सूज उतरू लागली तेव्हा एका सकाळी स्थानकावरचे कंट्रोलर काका भेटायला आले. गाड्या वेळेवर सोडणं हे त्यांचं काम. निवृत्तीला आलेला, जाडजूड मिशांचा माणूस. दारातच थांबून त्यांनी तिला नीट न्याहाळलं.

"अरे वा! भोंग्याला चेहरापण आहे की! वहिनी, पोरगी देखणी आहे हो तुमची. इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलं नाही."

तिने एक ठोका दिला. काकांना काही कळलं नाही.

"हो म्हणतेय ती," आई म्हणाली. "बसा. हसवू नका फक्त तिला. टाके आहेत."

"मी कशाला हसवतोय?" काका बसले आणि लगेच सुरू झाले. "तुझ्या जागी भांडारातला तो लांबोडा बसवलाय. परवा घोषणा केली आणि माइक बंद करायला विसरला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. अख्खं स्थानक ऐकतंय! हा म्हणतो, 'अगं, मी कुठे म्हटलं तुझी आई भांडखोर आहे? मी म्हटलं, तिचा आवाज खणखणीत आहे!' सहा नंबरवरून एक म्हातारा ओरडला, 'माफी माग रे, गाडी चुकेल!' मी धावत गेलो, तर दार आतून बंद. काचेवर थापा मारतोय, आणि हा मला हाताने गप्प बसवतोय! शेवटी म्हणाला, 'बरं बाई, चुकलो,' आणि वहिनी, चार फलाटांवर टाळ्या पडल्या!"

आधी तिचे खांदे हलले. मग पोटातून हसू असं उसळलं की त्याला बाहेर पडायला वाटच सापडेना. वर आलं, बांधलेल्या दातांवर आपटलं आणि परत घशात गेलं. गळ्यातून गुरगुर निघाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून नुकतंच घेतलेलं सूप. चेहरा लालबुंद. तिने खुर्चीच्या हातावर अंगुस्तान आपटलं, दोनदा, चारदा, सहादा. पण हसतेय म्हणायला त्या भाषेत ठोकाच नव्हता.

मशीन थांबलं. शिवण अर्धी टाकून आई झेपावली. डाव्या हाताने तिने लेकीचं डोकं पुढे वाकवलं, त्याच हाताच्या अंगठ्याने गाल ओढला आणि उजव्या हाताने कच्, कच्. इतकी वर्षं दोरे कापलेला हात. एकही टोक चुकलं नाही. रबरं तुटून गालात पडली.

तोंड उघडलं. जेमतेम बोटभर, पण उघडलं.

"आई," ती म्हणाली, "हसत होते गं मी!"

आईच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. काकांची मिशी तेवढी हलत होती.

"हसत होतीस?" आईचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा! काय करून बसले मी? आता जबडा सरकला म्हणजे? पुन्हा कापाकापी?"

काका तोवर गाडीची किल्ली शोधत उभे राहिले होते. "वहिनी, रडायचं नंतर. चला."

गाडीत दोघी मागे बसल्या. आईने तळहात लेकीच्या हनुवटीखाली असा धरला होता, जणू हात काढला तर जबडा मांडीवर पडणार होता. लेकीने तो हात हळूच खाली केला. तिने दात एकमेकांवर बसवले, डॉक्टरीणबाईंनी बसवले होते तसेच, आणि मिटून घेतले. आता कशानेच बांधलेलं नव्हतं. हवं ते बोलता आलं असतं. 'फलाट क्रमांक पाच' म्हणून बघता आलं असतं, आणि आपली जागा आपल्याला परत मिळणार की भांडारातला लांबोडा तिथेच राहणार, हे एका दमात कळलं असतं. मघाशी सुटलेल्या त्या वाक्यात आवाज आपला होता का, ते घाईत तिला समजलंच नव्हतं. जीभ शिवशिवत होती. प्रत्येक खड्ड्याला दात सुटू बघत होते आणि ती आणखी घट्ट मिटत होती.

"दुखतंय का?" आईने विचारलं. "बोल ना, आता बोलता येतंय तर!"

लेकीने खिडकीच्या काचेवर दोन ठोके दिले. नाही. आई रडू लागली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बराच वेळ तोंडात बघितलं. डावीकडून, उजवीकडून. आई भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही मुठींत निळी फीत.

"जागचा हललेला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वाटेत दात मिटून ठेवले होते ना? शाबास. आणि तुम्ही, आई, कात्री उलटीसाठी दिली होती."

"तसाच आवाज आला हो डॉक्टर."

"आता हसण्याचा आवाज ओळखायला शिका. नवी रबरं लावते, अजून काही आठवडे." त्यांनी चिमटा उचलला.

तिने डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं. "एक वाक्य," ती दात फारसे न उघडता म्हणाली. "फक्त एक."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एकच. हळू."

ती ताठ बसली. माइक समोर असल्यासारखी मान किंचित डावीकडे झुकली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाट क्रमांक पाचवरील गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

'फ' फुसकाच निघाला. 'प' म्हणताना ओठ जरा मागून आला, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. शब्दांच्या कडा बोथट होत्या. तिला स्वतःला ते सगळं परकं वाटलं. ती आईकडे वळली, पण आईचे डोळे भरलेले. आईच्या मताला काय अर्थ? आईला तर तिचं रडणंही गोड वाटायचं.

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर कंट्रोलर काका पेंगत बसले होते. घोषणा कानावर पडली तसे ते ताडकन उठले, मनगटावरचं घड्याळ बघितलं, खिशात शिट्टी चाचपली आणि दोन पावलं चाललेसुद्धा. मग भोवतालच्या पांढऱ्या भिंती त्यांच्या लक्षात आल्या. ते दाराशी आले, आत डोकावले आणि ओशाळून म्हणाले, "च्यायला, भोंगे! गाडी सोडायला निघालो होतो की मी!"

हसू पुन्हा पोटातून उसळलं. या वेळी तिने ते दातांमागेच धरून ठेवलं.

मग रबरं लागली. एक-एक करून, टिक्, टिक्. प्रत्येक 'टिक्'ला तोंडाची एक फट मिटत गेली. शेवटचं लागलं तेव्हा पुन्हा तेच. नाकातून श्वास, ओठांच्या कडेला ओल, आत कोंडलेली जीभ. पुढचे आठवडे तीच खुर्ची, तीच पिचकारी, तेच फडकं उजेडाकडे धरलेलं. फरक एवढाच, की आत काय कोंडलंय ते आता तिला माहीत होतं.

घरी येऊन आईने अर्धी राहिलेली शिवण उसवली आणि पुन्हा घातली. कात्री मात्र दोघींच्याही गळ्यात तशीच राहिली. काढायचा विषय लेकीने काढला नाही, आणि आईने तर नाहीच नाही.

थोड्या वेळाने मशीनवरून मान न वळवता आईने विचारलं, "काय म्हणाला होता गं तो म्हातारा? माफी माग, गाडी चुकेल?"

मागून गुरगुर ऐकू आली. आईचा पाय थांबला, हात आपोआप फितीकडे गेला.

टक्. टक्. टक्.

तीन ठोके. आईने मागे वळून बघितलं. लेकीचे खांदे हलत होते आणि अंगुस्तानाचं बोट वर धरलेलं होतं. आईने फीत सोडली. पण मशीनवर पाय टाकण्याआधी तिने आणखी एकदा, खात्रीसाठी, नीट बघून घेतलं.