चाचांचा बीकर

हृदयाचे ठोके मोजायला चाचांना घड्याळ लागत नसे. आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले ते शिपाई; शाळा चौथीतच सुटलेली. पण बेडकाचं हृदय टेबलावर लागलं की ओठांतल्या ओठांत पुटपुटत आणि सांगत, "बेचाळीस." सर घड्याळ लावून बघायचे, तर बेचाळीसच! मग सरांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

खोड एकच, चहा. प्रयोगशाळेत चहाला सक्त बंदी, म्हणून सर जेवायला गेले की स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या बीकरमध्ये चहा उकळायचा. राधानगरीहून पहाटेच्या एष्टीनं येणाऱ्या मला पहिला कप. फार लाड केले माझे त्या माणसानं.

एम.एस्सी.ला माझा विषय होता ॲडिनोसिन. आपण घाबरलो की अंगात ॲड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं. ॲडिनोसिन त्या सुटण्याला लगाम घालतं आणि हृदयालाही. हे पुस्तकात. माझ्या टेबलावर मात्र कितीही थेंब टाका, ठोके उतरायचं नाव घेईनात. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, विषय सोडा. म्हणजे वर्ष बुडालं. आणि दुसरं वर्ष वडील देणार नव्हते, घरी स्थळं बघणं चालूच होतं.

रडवेली होऊन मी चाचांना पुस्तकातलं सांगत बसले. पेशीवर ॲडिनोसिनची ठरलेली जागा असते, चहातलं कॅफीन ती आधीच अडवून बसतं.

"म्हंजे एष्टीत रुमाल टाकून जागा धरल्यागत की," चाचा म्हणाले.

मी हसले. चाचा हसले नाहीत. बेडकाचं हृदय ज्या खारट पाण्यात जिवंत राहतं, त्या माझ्या सलाइनच्या बीकरकडे ते बघत होते. चहा उकळायचा तो हाच. वरवर विसळून ते त्यातच माझं सलाइन भरत होते.

सरांना काय सबब सांगावी, याचा मी विचार करत होते, तोवर चाचा त्यांच्यापुढे जाऊन उभे. "माज्या चहानं पोरीचं वाटोळं व्हाया लागलंय. मला काय ती शिक्षा करा, तिला चार दिवस द्या."

सरांनी चार दिवस दिले आणि चाचांना स्टोअरमध्ये धाडलं. नव्या सलाइनमध्ये ठोके झरझर उतरले. मोजायला चाचा नव्हते.

प्रबंध बांधून आला. आभाराच्या पानावर सर, ग्रंथपाल, वडील. चाचांचं नाव घातलं तर परीक्षकांपैकी कुणीतरी कारण विचारील, चहाची भानगड निघेल, अशी मला भीती वाटली. आज सांगतानाही लाज वाटते. प्रबंध दाखवायला स्टोअरमध्ये गेले. चाचांनी हात सदऱ्याला पुसले, आभाराचं पान उघडायला लावलं आणि विचारलं, "ह्यात माजं नाव कुठं हाय?"

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी सरांच्या नावावर बोट ठेवलं.

चाचांनी त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं. म्हणाले, "लई मोठं लिवलंस की गं, पोरी."