मनश्शे राजाची माफी

मी मत्तन्या, यरुशलेमच्या देवळातला लेखक. जुन्या राजांच्या गोष्टी चामड्याच्या नव्या गुंडाळीवर उतरवतो. उतरवतो कसला, सुधारतो. दावीद राजाचं शेजाऱ्याच्या बायकोचं प्रकरण मी सफाईने गाळलं. तिच्या नवऱ्याचा राजाने काटा काढला होता. तो बिचारा आता फक्त शूरांच्या यादीत उरलाय. माझे वडील देवळात गायचे, म्हणून एका लढाईत मी गायकांना सैन्याच्याही पुढे चालवलं. वडील खरं तर शेळीलाही घाबरायचे.

अडलं ते मनश्शे राजापाशी. यानं देवळात मूर्ती बसवल्या, पोटची पोरं आगीत घातली, आणि राज्य केलं पंचावन्न वर्षं. देव असल्या माणसाला इतकी वर्षं कशी देईल? मग मीच तोड काढली. राजाला बेड्या घालून शत्रूच्या बाबेल शहरात नेलं, तिथे पश्चात्तापाने रडवलं आणि देवाकडून माफी मिळवून देऊन घरी आणलं. मी इतका मोठ्या मनाचा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन बायकोला, शलोमीथला, ते सांगितलं. ती मसूर निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"पोरं जाळणाऱ्याला घरी आणलंत," ती म्हणाली. "आपल्या केसीयानं काय जाळलं होतं हो?"

केसीया आमची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं शोमरोनच्या माणसाशी लग्न केलं. उत्तरेकडचे ते लोक आमच्यात चालत नाहीत, म्हणून मी तिला दार बंद केलं. वल्हांडणाच्या सणाला बाळ घेऊन येऊ का, असा तिचा निरोप येऊन आठ दिवस झाले होते. मी राजाला माफ करण्यात गुंतलो होतो, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा निरोप धाडायचा सोडून मी सुरी घेऊन बसलो, राजाची माफी खरवडायला. एक ओळ खरवडली आणि पुढे हात चालेना. त्याला माफी नसेल तर मला कुठून मिळणार, या विचाराने मी घाबरलो. ओळ पुन्हा लिहिली आणि उत्तरेला निघालेल्या गाढववाल्याबरोबर कळवलं, ये.

सणाच्या आदल्या दिवशी ती आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाबा, आधी मी माफी मागायची का?" तिनं विचारलं.

राजाची माफी मागायची अख्खी प्रार्थना मी एका दुपारी रचली होती. 'पोरी, माझं चुकलं' एवढं बोलायला मला इतका वेळ लागला, की तिच्या खांद्यावरचं बाळ तोवर झोपून गेलं.