बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या

सिनेमावाल्या बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा खटका एका आजोबांशी हुज्जत घालत होता. आजोबांनी आठवड्यात तिसऱ्यांदा किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलं होतं, आणि सगळा दोष कुलपाचा आहे यावर ते ठाम होते.

"कुलूप बदलून देतो," खटका म्हणाला, "पण विसराळू डोकं तेच राहणार ना. त्यापेक्षा एक किल्ली शेजारणीकडे ठेवा."

"तिच्याकडे? ती मग दिवसभर येऊन बसेल."

"बसू दे की. तेवढीच दोघांना सोबत."

आजोबा पुटपुटत गेले, पण किल्ल्या दोन करून घेऊन गेले.

खटका म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा ठेंगणा, गोलमटोल माणूस. कुलूप उघडताना दाराला कान लावायचा आणि हळूच म्हणायचा, "आला खटका." तेच त्याचं नाव पडलं. गल्ल्यावर त्याची धाकटी बहीण बसायची. चिमणी हे तिचं लहानपणीचं नाव. आता ती भावाच्या दुप्पट दिसायची, पण नाव काही सुटलं नव्हतं. गिऱ्हाईक भावाला घाबरत नसे, तिला घाबरे.

सिनेमावाल्या बाईंनी काम सांगितलं. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या खोलीला जुन्या धाटणीचं कुलूप हवं होतं, बाहेरून बंद होणारं.

"ते नाही जमायचं," खटका म्हणाला.

"का? मिळत नाही का तसं?"

"मिळतं ढीगभर. पण माणूस झोपतो त्या खोलीला मी बाहेरून कुलूप लावून देत नाही. आजवर कुणालाच दिलेलं नाही."

बाई हसल्या आणि म्हणाल्या की खोली खरी नाही, सिनेमातली आहे. एक बाप मुलीला मारतो, कोंडून ठेवतो, आणि ती मुलगी त्या सगळ्यातून जगून निघते, असा सिनेमा होता. मग खटक्यानं हातातली कानस खाली ठेवली आणि बाईंना स्टूल दिलं.

"जगून निघते म्हणजे कशी? सुटते कशी ती?"

"शेवटी शेजारी दार फोडतात."

गल्ल्यावरून चिमणी फिस्सकन हसली. "शेजारी? शेजारी रेडिओचा आवाज वाढवतात, बाई."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग काही घाई नसल्यासारख्या त्या स्टुलावर नीट टेकून बसल्या. अशा माणसाला सांगावंसं वाटतं. खटक्यानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.

आई गेली तेव्हा तो दहाचा होता, चिमणी सहाची. बाप सरकारी कचेरीत. बाहेर तोंडात साखर, घरात हातात पट्टा. सगळं गाव म्हणायचं, किती सज्जन माणूस, एकट्यानं पोरं वाढवतोय. पोरगा चौदाचा झाला तसा बापानं नवा नेम सुरू केला. शाळा एकला सुटली की बाप जेवायला घरी यायचा, काहीतरी खुसपट काढायचा, दोन-चार पट्टे ओढायचा आणि पोराला अडगळीच्या खोलीत घालून कुलूप लावून परत कचेरीत. सहा वाजता येऊन दार उघडायचा. चिमणीला ताकीद होती, दाराजवळ दिसलीस तर तुझीही तीच गत.

"पहिले चार दिवस मी रडलो," खटका म्हणाला. "पाचव्या दिवशी कंटाळा आला. रडायलाही काहीतरी नवीन लागतं हो. म्हणून दार बघत बसलो. कुलूप दणकट होतं. पण दार आत उघडायचं, म्हणजे बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, माझ्याकडे. बापानं एवढं भारी कुलूप आणलं आणि बिजागऱ्यांकडे बघितलंच नाही."

बिजागरीच्या मधोमध एक पिन असते. ती वर ओढून काढली की दार त्या बाजूनं सुटतं. पण पिना गंजलेल्या होत्या, वर रंगाचे थर. चिमणी ताकीद विसरली आणि दाराखालच्या फटीतून तेलात भिजवलेली चिंधी सरकवू लागली. मग तिनं आईचा जाड चमचा सरकवला. रोज थोडं तेल, थोडं ठोकणं. अकराव्या दिवशी तिन्ही पिना हातात आल्या. दार बाजूला सरकवून पोरगा बाहेर आला.

"आणि पळालात?" बाईंनी विचारलं.

"छे. भात खाल्ला. पाणी प्यालो. हिला खिडकीत राखणीला बसवलं आणि पावणेसहाला परत आत जाऊन पिना बसवल्या."

"पळून जाणार कुठे?" चिमणी म्हणाली. "माझी चप्पल तुटलेली, ह्याच्याकडे शर्ट एक."

पण दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. बाप समजायचा पोरगा कोंडलेला आहे, आणि पोरगा असायचा गल्लीच्या टोकाला, म्हाताऱ्या कुलूपवाल्याच्या दुकानात. पहिल्यांदा तो गेला होता पिना गंजू नयेत म्हणून काय लावावं ते विचारायला. म्हाताऱ्यानं कसल्या पिना, कशाला, असं काही विचारलं नाही. पोराच्या मानेवरचा वळ मात्र पाहिला. "उद्या ये," म्हणाला, "किल्ली कशी घासायची ते दाखवतो." चार महिने अडगळीच्या खोलीत कोंडलेला पोरगा रोज दुपारी किल्ल्या घासायला शिकत होता. बापाला वाटायचं, पोरगं सुतासारखं सरळ झालं. कारण तो आता कोंडून घ्यायला कुरकुरत नव्हता, उलट जेवण झालं की स्वतःच खोलीकडे निघायचा.

मग एका दुपारी तीन वाजताच बाप घरी आला. कसलेसे कागद विसरले होते. जाता जाता त्यानं पोराला आवाज दिला, आतून उत्तर नाही. त्यानं किल्ली फिरवली, मूठ धरून दार ढकललं, आणि पिना नसलेलं ते अख्खं दार धाडकन आत पडलं. त्याच्यावर बाप, पालथा.

"मी हसले," चिमणी म्हणाली. इतकी वर्षं झाली तरी आत्ताही तिला हसू आवरेना. "मला कळत होतं की हसू नये. पण त्याचे पाय वर होते हो."

बाप उठला तो पट्टा काढतच. चिमणी अनवाणी सुटली ती थेट कुलूपवाल्याच्या दुकानात. मागून बाप. भर दुपारी, भर बाजारात, हातात पट्टा. सबंध गावानं ते तोंड पहिल्यांदाच पाहिलं. म्हाताऱ्यानं दोन्ही पोरं पाठीशी घातली आणि दारात उभा राहिला. बापानं घाईघाईनं ओठांवर हसू आणलं. "घरचा मामला आहे, काका."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी तो पट्टा कमरेला लावा. पँट घसरतेय."

बाजार हसला. आधी वाणी, मग शिंपी, मग सगळेच. बापाला आजवर लोकांनी नमस्कार केले होते, हसलं कुणी नव्हतं. तो पँट सावरत उभा राहिला आणि मग पाठ फिरवून गेला. म्हाताऱ्याची बायको दवाखान्यात नर्स होती. तिनं पोराची पाठ पाहिली, पदर खोचला आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवून आली. संध्याकाळच्या गाडीनं मावशी आली आणि दोघांना घेऊन गेली. भावंडं त्या घरात पुन्हा कधी गेली नाहीत. बापाला शिक्षा झाली. ती कमीच झाली, असं चिमणीचं मत अजूनही आहे.

सांगून झालं तेव्हा बाईंनी डोळे पुसले आणि वही काढली. "शेवट बदलते मी," त्या म्हणाल्या. "तुमची हरकत नसेल तर."

"माझी नाही. हिला विचारा. तेल हिचं होतं."

चिमणी म्हणाली, "दार पडायलाच पाहिजे. नाहीतर आम्ही कुलूप देत नाही."

तर असं ते कुलूप बसलं. मुलीचं काम करणारी पोरगी सोळाची होती, चुणचुणीत. खटक्यानं तिला दोन दुपारी दुकानात बसवून पिना काढायला शिकवलं. तिनं एकदा विचारलं, "काका, तुम्हाला आत भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. सहा वाजायला आले की जास्तच. पिना काढायला लागल्यावर कमी झाली, एवढंच. पूर्ण गेली नाही." मग तो म्हणाला, "तू चमचा उलटा धरलायस."

चित्रीकरणाला दोघंही गेली. बापाचं काम करणारा नट स्वभावानं गरीब गाय होता. पण पहिला प्रसंग पाहिल्यावर चिमणी त्याच्याशी बोलेना. त्यानं नमस्कार केला, हिनं मान फिरवली. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यानं तिच्यासाठी खुर्ची आणली आणि म्हणाला, "ताई, मला दोन मुली आहेत. घरी त्याच मला रागावतात." चिमणीनं खुर्ची घेतली. थोड्या वेळानं डब्यातला एक लाडूही दिला, मात्र तोंड वाकडंच ठेवून. आणि लहान बहिणीचं काम करणारी मुलगी फटीतून चमचा सरकवायला लागली तेव्हा चिमणी कॅमेऱ्याची पर्वा न करता ओरडली, "अगं, दांडा आधी. खोलगट भाग फटीत अडकतो." सगळ्यांना तो प्रसंग पुन्हा करावा लागला. बाईंनी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही.

सिनेमा लागला तेव्हा भावंडं दुपारच्या खेळाला गेली. पट्ट्याच्या प्रसंगात खटक्यानं डोळे मिटले. बहिणीनं त्याचं मनगट असं दाबून धरलं की बांगडीचा वळ उठला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदके देत होतं. मग दार पडलं, आणि रडणारं अख्खं थिएटर हसलं. हसू थांबेना. खटक्यानं डोळे उघडले आणि अंधारात त्या हसणाऱ्या अनोळखी लोकांकडे वळून वळून पाहत राहिला. इतके लोक आपल्या बाजूचे, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असावं.

"दादा, पुढे बघ," चिमणी कुजबुजली. "तो म्हातारा येतोय."

शेवटी आभाराच्या यादीत दोघांची नावं होती. बाईंनी तसं आधीच कळवलं होतं. पण नावं भराभर वर जात होती आणि नेमकी त्या वेळी चिमणी खुर्चीखाली चप्पल शोधत होती. मान वर करेपर्यंत दिवे लागले.

"आलं का?"

"आलं. आधी तुझं, मग माझं."

"मी नाही पाहिलं."

"मी सांगतोय ना, आलं म्हणून."

"तू सांगून काय उपयोग? मला बघायचंय."

खटका तिकिटाच्या खिडकीपाशी गेला आणि संध्याकाळच्या खेळाची दोन तिकिटं घेऊन आला.