तिचा आवडता डाव
फिनाईलने पुसलेल्या रबरी मॅटचा वास आला की अकोल्यातला, कुस्तीसारख्या जिउ-जित्सूचा तो हॉल आठवतो. बदली झाल्यामुळे मी तिथे एकटीच राहत होते. सरावाला माझी जोडीदार परतवाड्याची एक नर्स होती. मागून गळ्याभोवती हात आवळायचा, हा तिचा आवडता डाव. त्या संध्याकाळी तिने तो लावला, तेव्हा तिचा गरम श्वास माझ्या कानाशी होता. सुटायला हाताने नुसतं टॅप करायचं असतं. मी केलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन अंग सैल पडताच तिनेच हात सोडला. “टॅप काहून नाही केलं वं? बेशुद्ध पडली असती ना!” ती रागावली, मग माझी पाठ चोळत बसली. कित्येक महिन्यांत मला कुणी जवळ घेतलं नव्हतं, हे तिला सांगता आलं नाही. अजूनही कधी फोनवर ती तेच विचारते, आणि मी हसून म्हणते, लक्षातच आलं नाही.