तुर्भ्याच्या बागेखाली

कराडहून पहाटेच्या एसटीने निघालो ते स्वातीने ठरवलेलं घर बघायला. स्वाती माझी मुलगी. सध्या ती, जावई आणि चार वर्षांची ओवी कोपरखैरण्याला भाड्याने राहतात. नवं घर तुर्भे स्टेशनला लागून, बाराव्या मजल्यावर. याच तुर्भ्यात मी बावीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात फिटर होतो. वाट चुकायचा प्रश्नच नव्हता.

चुकलो. स्टेशनपाशी रिक्षातून उतरलो आणि उभाच राहिलो. एक धुरांडं शिल्लक नाही. जिथे पाळीचे भोंगे वाजायचे तिथे काचेचे मनोरे. त्या उग्र वासाऐवजी नाकात कॉफीचा वास शिरला.

फुटपाथवर एक आजीबाई सुकट विकत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "मावशी, इथली रंगाची कंपनी?"

"ती कवाच पारली. आमची खाजनं (खाडीकाठची खारवट जमीन) कंपनीन गेली, आता कंपनी बिल्डिंगीन गेली. ती पान्याची टाकी दिसते ना, तवरीच उरली हाय."

टाकीपाशीच स्वाती आणि ओवी भेटल्या. "बाबा, तुमची टाकी शोभेला ठेवलीय बघा!" स्वाती कौतुकाने म्हणाली. इमारत अर्धवट होती, पण बाग तयार होती. ओवी धावत जाऊन घसरगुंडीखालच्या मातीत बसली.

टाकीच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात. मी तिच्याकडे धावलो.

"ओवी, ऊठ तिथनं!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती रडायलाच लागली.

मग सांगावंच लागलं. एकदा तपासणी येणार होती, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून आम्ही त्या कोपऱ्यात विषारी गाळाची पिंपं पुरली होती. झाकणं मी स्वतः आवळली होती.

बागेशेजारच्या विक्री कार्यालयातला तरुण ते ऐकून हसला. "काका, टेन्शन नका घेऊ. कागदावर जागा एकदम क्लिअर आहे."

"कागदावर ती पिंपं कधी नव्हतीच," मी म्हणालो.

स्वाती नळाखाली ओवीचे हात पुन्हा पुन्हा धूत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मी ओवीचे हात पुसायला रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालिकेत गेलो. मी जागेचा नकाशा काढला, खाली पिंपांची हकिगत आणि माझं नाव लिहिलं, सही केली. तिथल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "खोदताना जागा दाखवायला तुम्हाला यावं लागेल. आणि गुन्ह्यात तुमचंही नाव येईल."

"येऊ दे," मी म्हणालो.

स्वातीने घराचं बुकिंग रद्द केलं. मला एसटीत बसवायला ती आली. गाडी घाट चढेपर्यंत मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. जे सापडलं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. पिंपं पुरताना, तिथे कधी कुणाचं मूल खेळेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. ती जागा कंपनीची होती, आणि आम्हाला घरी जायची घाई होती.