गोठ्यातला पाहुणचार

ऑइलपेंटचा वास आला की मला सासऱ्यांचा वडवणीजवळचा गोठा आठवतो. ट्रॅक्टर घेतल्यावर त्यांनी त्याच गोठ्याची जावयासाठी झोकदार खोली केली, आणि धोंड्याच्या महिन्यात मला तिथं उतरवलं. संगमरवरी फरशी, कूलर, फोमची गादी, पण मला तिच्यावर धड बसवेना. पेंटखालून सरकीच्या पेंडीचा वास येतच होता. दिवेलागणीला म्हातारा बैल रानातून आला, तो थेट खोलीच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघू लागला. मी अवघडून उठलो. सासरे त्याला ओढत म्हणाले, "बसा जावईबापू, लई वर्षांची सवय हाय, त्याला अजून कळंना." गेल्या आठवड्यात मुलानं माझी खोली रंगवून नातीला दिली. आज फिरून आलो, तो सरळ तिच्याच दारात जाऊन उभा राहिलो. नात अवघडून उठली.